स्पेसबारचा इतिहास: लढाई थांबवून हुकूम देता येतात तेव्हा

“पॉज करून जिंकलास ना? मग ते जिंकणं धरायचं नाही.” कम्प्युटरवर लढाईचा गेम खेळलेल्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलंय, नाहीतर दुसऱ्याला ऐकवलंय. आज या वाक्याच्या मागे लागू. रिसर्चची तयारी करणारे तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, की ताई, विषय कुठून आणायचा? मला विचाराल तर जिथे मित्र-मित्र तावातावाने भांडतात पण व्याख्या कुणीच करत नाही, तिथे उकरून बघा. पॉजचं भांडण तसलंच आहे. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, सायन्सवाली आहे. त्यामुळे मी राजे आणि सनावळ्यांपेक्षा एकाच व्हेरिएबलकडे बघणार आहे, तो म्हणजे वेळ.

आधी व्याख्या, नाहीतर आपणही भांडत बसू. लढाईच्या गेम्सचा एक प्रकार बुद्धिबळासारखा: माझी चाल झाली की तुमची, तोवर जग थांबलेलं. याला टर्न-बेस्ड म्हणतात. दुसरा प्रकार रिअल-टाइम स्ट्रॅटेजी, म्हणजे आरटीएस: घड्याळ सगळ्यांसाठी एकदम चालू, तुम्ही विचार करत बसलात तर शत्रू तुमच्या दारात. आपला विषय या दोघांच्या मधला. इथे घड्याळ सलग चालतं, पण खेळाडू ते थांबवू शकतो आणि थांबलेल्या अवस्थेत हुकूमही देऊ शकतो. हा शेवटचा भाग नीट लक्षात ठेवा. आई जेवायला हाक मारते म्हणून केलेला पॉज वेगळा. त्यात पडदा गोठतो आणि काहीच करता येत नाही. आपल्याला हवाय तो पॉज, ज्यात सैन्य पुतळ्यासारखं उभं असतं आणि सेनापती एकेका तुकडीला निवांत सूचना देत फिरतो.

आता एक साधन देते, पुढे सारखं लागेल. लढाईत एक निर्णय अमलात यायला तीन प्रकारचा वेळ लागतो. काय करायचं ते ठरवायला लागतो तो विचाराचा वेळ. ते सैन्यापर्यंत पोहोचायला लागतो तो निरोपाचा वेळ. आणि गेममध्ये आणखी एक: माउस हलवून, बटणं दाबून हुकूम नोंदवायला लागतो तो हाताचा वेळ. ही विभागणी माझी आहे, कुठल्या पुस्तकातली नाही, तेव्हा तुम्हाला खुशाल मोडता येईल. पण प्रत्येक गेम बनवणाऱ्याने या तिघांपैकी कुठला वेळ महाग ठेवला आणि कुठला फुकट केला, हे बघत गेलं की इतिहास बराच सुटसुटीत होतो.

सुरुवात कम्प्युटरच्या खूप आधीची आहे. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या गेऑर्ग फॉन राइसवित्स या लेफ्टनंटने, वडिलांनी सुरू केलेलं काम पुढे नेऊन, ‘क्रीगश्पील’ नावाच्या युद्धखेळाचे नियम छापले. खरा नकाशा, तुकड्यांचे ठोकळे, फासे, आणि मधे एक पंच. एक चाल म्हणजे लढाईतली दोन मिनिटं. खेळाडू अधिकाऱ्याने हुकूम पंचाकडे द्यायचा, आणि तो हुकूम घेऊन जाणाऱ्या स्वाराला प्रत्यक्षात जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ गेल्यावरच पंच ठोकळे हलवणार. शत्रूच्या ज्या तुकड्या तुम्हाला दिसू शकत नाहीत, त्यांचे ठोकळे नकाशावर ठेवायचेच नाहीत. बघा, दोनशे वर्षांपूर्वीच्या या खेळात निरोपाचा वेळ पूर्ण मोजलेला आहे आणि हाताचा वेळ शून्य आहे. सेनापतीच्या बोटांची परीक्षा घ्यावी असं राइसवित्सला वाटलं नाही.

ती परीक्षा कम्प्युटरने आणली. ख्रिस क्रॉफर्डचा ‘लीजनेअर’ १९८२ चा. त्यात रोमन तुकड्या सलग वेळेत लढायच्या. पण ज्या गेमने पुढच्या सगळ्यांचा साचा ठरवला तो वेस्टवुड कंपनीचा ‘ड्यून २’, साल १९९२. पैसा गोळा करा, इमारती बांधा, सैन्य काढा, समोरच्याला संपवा, आणि हे सगळं घड्याळ चालू असताना. ‘रिअल-टाइम स्ट्रॅटेजी’ हे नाव रुळवण्याचं श्रेयही वेस्टवुडच्याच ब्रेट स्पेरीला दिलं जातं. ‘ड्यून २’ मध्ये एका वेळी एकच तुकडी निवडता यायची. दहा रणगाडे हलवायचे तर दहा वेळा निवडा, दहा वेळा हुकूम द्या. १९९४ च्या ‘वॉरक्राफ्ट’मध्ये एकदम चार निवडता येऊ लागले, १९९८ च्या ‘स्टारक्राफ्ट’मध्ये बारा. आपण ज्याला डावपेच म्हणतो त्यातला मोठा हिस्सा खरं तर हाताचा वेळ वाचवण्याची कसरत होता. स्टारक्राफ्टच्या कोरियातल्या व्यावसायिक खेळाडूंचं कौशल्य मिनिटाला किती क्रिया या आकड्यात मोजलं जाऊ लागलं, ते उगाच नाही.

आणि इथे गंमत आहे. ‘ड्यून २’ आला त्याच १९९२ मध्ये मायक्रोप्रोजचा ‘डार्कलँड्स’ही आला. पंधराव्या शतकातल्या जर्मनीत घडणारा हा गेम म्हणजे रोल-प्लेइंग, लढाईत मोजकीच चार माणसं. लढाई सलग चालायची, पण मध्येच थांबवून प्रत्येकाला सांगता यायचं, तू याला धर, तू मागे हो. म्हणजे ‘आधी शुद्ध रिअल-टाइम आलं, मग आळशी लोकांसाठी पॉज आला’ ही जी समजूत असते, ती तारखांपुढे टिकत नाही. दोन्ही वाटा एकाच वर्षी समोर होत्या.

पुढचं भराभर सांगते. १९९७ च्या ‘एक्स-कॉम: अपोकॅलिप्स’ने खेळाडूलाच विचारलं, टर्न-बेस्ड हवं की थांबवता येणारं रिअल-टाइम? १९९८ अखेरीस आलेल्या बायोवेअरच्या ‘बाल्डर्स गेट’ने स्पेसबार प्रसिद्ध केला. त्यात तर ऑटो-पॉज होता: शत्रू दिसला की थांब, आपला माणूस घायाळ झाला की थांब, अशा अटी आधीच लावून ठेवायच्या. २००० मध्ये दोन महत्त्वाचे गेम आले. क्रिएटिव्ह असेंब्ली या ब्रिटिश कंपनीच्या ‘शोगन: टोटल वॉर’मध्ये नकाशावरचं राजकारण टर्न-बेस्ड, पण प्रत्यक्ष लढाई हजारो सैनिकांची, सलग, आणि थांबवता येणारी. स्वीडनच्या पॅराडॉक्सचा ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ हा मुळात फिलिप तिबो या फ्रेंच माणसाने केलेल्या बोर्ड गेमवरून घेतलेला. त्यात शतकं दिवसादिवसाने सरकतात, वेग कमी-जास्त करता येतो आणि हवं तेव्हा जग थांबवता येतं. २०१२ चा ‘एफटीएल’ तर एवढासा, एका यानाचा गेम, पण पॉज काढून टाकला तर त्यात उरेल काय, हा प्रश्नच आहे.

मग पॉजला कमीपणा कुठून चिकटला? माझं मत असं की खेळण्याच्या जागेतून. मिरा रोडला आम्ही लहान असताना सायबर कॅफे होते, तासाला वीस रुपये वगैरे. दादा मला शेपटासारखी घेऊन जायचा. तिथे सात-आठ कम्प्युटर एकमेकांना जोडलेले आणि सगळे एकाच लढाईत. एकाने पॉज केलं की बाकी सातजण ओरडणार, कारण गेमचं घड्याळ थांबलं तरी काउंटरवरचं चालूच असायचं! अनेकांनी मिळून खेळायच्या गेममध्ये पॉज ही सामाजिक अडचण आहे. एकट्याच्या खेळात ती अडचण उरतच नाही, पण कॅफेतली मूल्यं घरी आली. पुढे गेम बनवणाऱ्यांनीही हीच उतरंड पक्की केली: २०११ च्या ‘शोगन २’ मध्ये सर्वांत अवघड पातळीवर खेळायचं ठरवलं की थांबवून हुकूम देण्याची सोय काढून घेतली जाते. म्हणजे बनवणारेच सांगताहेत, पॉज ही कुबडी आहे. याच्या उलट, ‘कंपनी ऑफ हिरोज’ ही २००६ पासूनची वेगवान मालिका. तिच्या फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या तिसऱ्या भागात एकट्याने खेळताना लढाई थांबवा, हुकमांची रांग लावा आणि मग सगळं एकदम सोडा, अशी सोय दिली गेली. ज्यांची बोटं वयाने किंवा दुखण्याने मंद झालीत, त्यांच्यासाठी ही कुबडी नाही, दरवाजा आहे. डोकं तेच, फक्त हाताचा वेळ माफ.

आता जरा यंत्राच्या पोटात शिरू, कारण ‘रिअल-टाइम म्हणजे खरं’ हे गृहीतकच तपासायला हवं. १९९७ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स’वर काम केलेल्या पॉल बेटनर आणि मार्क टेरॅनो यांनी २००१ मध्ये एक लेख लिहिला. प्रश्न असा होता: दीड हजार धनुर्धारी एकाच वेळी पळताहेत आणि खेळाडू जोडलेत २८.८ च्या मोडेमने. प्रत्येक धनुर्धाऱ्याची जागा सारखी पाठवणं अशक्य. मग त्यांनी काय केलं, तर प्रत्येक कम्प्युटरवर तीच लढाई हुबेहूब चालवायची आणि एकमेकांना फक्त हुकूम पाठवायचे. वेळेचे साधारण २०० मिलिसेकंदांचे तुकडे केले आणि आज दिलेला हुकूम दोन तुकड्यांनंतर अमलात आणायचा, म्हणजे तोवर तो सगळ्यांकडे पोहोचलेला असेल. थोडक्यात, आमच्या दादाने जीव खाऊन खेळलेला तो ‘रिअल-टाइम’ गेम आतून टर्न-बेस्डच होता. फक्त टर्न इतका छोटा की माणसाला कळू नये. सिम्युलेशन केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. टाइम-स्टेप कधीच शून्य नसतो, तो आपण निवडतो. पॉजवाला गेम एवढंच करतो की त्या टाइम-स्टेपची लांबी खेळाडूच्या हातात देतो.

या निवडीवरून मोठ्या रिसर्चमध्येही खडाजंगी झाली. जानेवारी २०१९ मध्ये डीपमाइंडच्या ‘अल्फास्टार’ या प्रोग्रॅमने ‘स्टारक्राफ्ट २’ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना हरवल्याचं जाहीर झालं. लगेच आक्षेप आला: हा विचाराने जिंकला की क्लिकने? यंत्राला हाताचा वेळ जवळपास फुकट असतो. आणीबाणीच्या क्षणी ते माणसाला अशक्य अशा वेगाने आणि अचूकतेने हुकूम सोडत होतं, शिवाय कॅमेरा न फिरवता मैदान बघत होतं. त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये छापून आलेल्या आवृत्तीवर मग बंधनं घातली गेली: माणसासारखाच कॅमेरा, आणि दर ५ सेकंदांत जास्तीत जास्त २२ वेगवेगळ्या क्रिया. व्हायवात “कंट्रोल काय ठेवलात?” या प्रश्नाला घाबरत असाल तर हे प्रकरण मुळातून वाचा. स्ट्रॅटेजी मोजतोय म्हणताना प्रत्यक्षात बोटं मोजली जात होती का, एवढाच तो प्रश्न होता.

इतका वेळ हात आणि विचार यांच्यात आपण अडकलो. तिसरा वेळ, निरोपाचा, कुठे गेला? तो शोधायला आपल्याच गावात येऊ.

मार्च २००९ मध्ये ‘टोटल वॉर’ मालिकेतला ‘एम्पायर’ आला आणि त्यात मराठे खेळता येतात हे कळल्यावर इकडे अनेकांची छाती फुगली. साहजिक आहे. युरोप, अमेरिका आणि भारत अशा तीन रंगभूमी, वर्षाला दोन चाली, सुरुवात १७०० साली. प्रत्यक्षात त्याच वर्षी मार्चमध्ये छत्रपती राजाराम महाराज सिंहगडावर वारले, ताराबाईंनी सूत्रं हाती घेतली आणि औरंगजेब जातीने दक्षिणेत तळ देऊन होता. गेममध्ये मात्र तुम्ही आकाशातून सगळं मैदान बघता, पॉज दाबता, डावीकडच्या घोडदळाला वळसा घालायला सांगता, उजवीकडच्या बंदूकवाल्यांना थोपवता, पॉज सोडता, आणि दोन्ही तुकड्या त्याच क्षणी हलतात. विचाराला अमर्याद वेळ, हाताला सवड, आणि निरोप? तो पोहोचायला काही वेळच लागत नाही.

याच्या शेजारी वसईची मोहीम ठेवून बघा. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीवर चढाई केली. ठाणे आणि आपलं घोडबंदर पोर्तुगीजांकडून गेलं. शेवटचा वेढा १७३९ चा, फेब्रुवारीपासून मेपर्यंत. दरम्यान मार्चमध्ये धारावीचा किल्ला पडला. हे धारावी मुंबईतलं नव्हे हं, उत्तनच्या पुढे चौकला खाडीच्या तोंडाशी आहे ते. तिथे उभं राहिलं की समोर पाण्यापलीकडे वसई दिसते आणि ती जागा हातात असण्याचं मोल नकाशाशिवाय कळतं: वसईला समुद्रातून येणारी मदत याच तोंडातून जाणार. त्याच सुमारास गोव्याकडे व्यंकटराव घोरपडे पोर्तुगीजांना गुंतवून होते, म्हणजे तिकडून कुमक निघणं कठीण. आणि त्याच मार्चमध्ये नादिरशहा दिल्लीत शिरला होता, त्यामुळे बाजीराव पेशव्यांचं लक्ष उत्तरेकडे आणि धाकटा भाऊ चिमाजी आप्पा इथे खाडीवर. दिल्ली आणि वसई यांच्यात हजार किलोमीटरहून जास्त अंतर. मधे काय? जासूद आणि त्यांच्या थैलीतली पत्रं.

वेढ्यात विचाराला वेळ कमी नसतो. खंदक खणताना, सुरुंग खोदताना दिवसच्या दिवस जातात. तुटवडा असतो तो ताज्या बातमीचा. उत्तरेहून आलेलं पत्र हातात पडतं तेव्हा ते सांगतं की काही दिवसांपूर्वी परिस्थिती अशी अशी होती. त्यावर ठरवायचं, लिहायचं, आणि उत्तर पोहोचेल तेव्हा आणखी काही दिवस गेलेले असणार. हीच गोष्ट छोट्या मापावर तटाखाली घडली. मे महिन्यात वसईच्या तटाला लावलेल्या सुरुंगांपैकी काही ठरल्याप्रमाणे उडाले, काही उशिरा उडाले, आणि तोवर धावून गेलेली आपलीच माणसं त्यात सापडली. बत्ती देण्याचा हुकूम आणि स्फोट यांच्यातलं अंतर कुणाच्याच हातात नव्हतं. वसई मे महिन्यात पडली, पण तिची किंमत हजारो माणसांत मोजली गेली.

म्हणून मला वाटतं की पॉजचं भांडण चुकीच्या जागी चाललंय. बिनापॉजचा गेम म्हणतो, सेनापती म्हणजे ज्याची बोटं चपळ. पॉजवाला म्हणतो, सेनापती म्हणजे ज्याचं डोकं शांत. दुसरं पहिल्यापेक्षा खरं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण सेनापतीची मूळ अडचण, म्हणजे मी सांगितलेलं तिथे उशिरा पोहोचणार आणि मला दिसतंय ते शिळं आहे, ती दोघांनीही गुपचूप पुसून टाकलीय. राइसवित्सच्या पंचाला ती माहीत होती.

ती परत आणणारे गेम आहेत, फक्त ते फार खपत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या पँथर गेम्सचा २०१० चा ‘कमांड ऑप्स: बॅटल्स फ्रॉम द बल्ज’ घ्या. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाया, घड्याळ सलग, हवं तेव्हा थांबवा, हवे तितके हुकूम द्या. पण हुकूम वरून खाली मुख्यालयामागून मुख्यालयं उतरत जाणार आणि त्याला वेळ लागणार. तासभर पॉज करून विचार केलात तरी त्या उशिरातून सुटका नाही. त्याच वर्षीच्या ‘स्कर्ज ऑफ वॉर: गेटिसबर्ग’मध्ये तर हुकूम घोडेस्वारांकरवी पाठवायची सोय आहे. २०१९ च्या ‘रेडिओ कमांडर’मध्ये तुम्हाला मैदान दिसतच नाही, रेडिओवर कुणी काय सांगेल त्यावरून नकाशावर खुणा ठेवायच्या. इथे पॉज दाबलात तर शांतपणे तीच अपुरी माहिती पुन्हा वाचत बसाल.

यातून विषय काढायचा असेल तर एक आयता पडलेला आहे. पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात संपादित केले. वसई मोहिमेची पत्रं त्यात आहेत, आणि ती देवनागरीत छापलेली आहेत, म्हणजे मोडी येत नसलं तरी सुरुवात करता येते. एका पत्राचा दिनांक घ्या, त्या पत्राचा उल्लेख करणाऱ्या उत्तराचा दिनांक घ्या, आणि दोन्हींतलं अंतर मांडा. अशा पन्नास जोड्या जमल्या तर निरोपाच्या वेळेचा आलेख तयार होतो. पावसाळ्यात तो किती वाढतो ते दिसेल, कोकणातली पत्रं आणि उत्तरेकडची पत्रं वेगळी काढता येतील. मग तोच उशीर एखाद्या साध्या, थांबवता येणाऱ्या गेममध्ये घाला आणि खेळाडूंचे निर्णय कसे बदलतात ते पाहा. सायन्सवाल्यांना यातला दुसरा अर्धा भाग सोपा वाटेल. पहिल्याला कमी लेखू नका. बऱ्याच पत्रांवर हिजरी महिन्याचा चंद्र असतो आणि साल नसतंच. ते संपादकाने आतल्या मजकुरावरून ठरवलेलं असतं. त्यामुळे प्रत्येक जोडीपुढे आणखी एक कॉलम ठेवा: हे साल पत्रात आहे, की संपादकाने लावलेलं आहे.